बसायच्या जागेपासून सुरुवात: अपंग माणसासाठी न्हाणीघर कसं आखायचं

अण्णांना पक्षाघात झाला आणि त्यांची उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा व्हीलचेअर हॉलमधून बेडरूमपर्यंत व्यवस्थित गेली आणि बाथरूमच्या दारात अडकली. दार अडीच फुटांचं, पण चौकट आणि आत उघडणाऱ्या दाराची जाडी वजा जाता मोकळी जागा उरली सव्वादोन फूट. पुढचे बावीस दिवस आम्ही त्यांना ओल्या फडक्यानं पुसून घेत होतो. आयुष्यभर पहाटे उठून डोक्यावरून पाणी घेतलेला माणूस. बोलणं अडखळत होतं, पण रोज सकाळी डावा हात उचलून ते बाथरूमच्या दाराकडे बोट दाखवायचे.

मी सिव्हिल इंजिनिअर. तोवर कित्येक बाथरूम बांधून झाली होती, पण त्यातल्या एकातही आंघोळ करणारा माणूस उभा राहू शकणार नाही असं धरून काही आखलं नव्हतं. अण्णांच्या निमित्तानं शिकलो आणि मग ओळखीपाळखीत अशी बरीच न्हाणीघरं करून दिली. त्यातून जे कळलं ते इथे सांगतो.

लोक विचारतात, शॉवर कुठला घेऊ, दांडे कुठल्या कंपनीचे आणू. पहिला प्रश्न असा हवा की हा माणूस बसणार कुठे आणि कुठे तोंड करून. ती एक जागा पक्की झाली की नळ, दांडा, उतार, न्हाणी ट्रॅप (फरशीतलं सांडपाणी जायचं जाळीचं तोंड), दार हे सगळं तिच्याभोवती आपोआप जागेवर बसतं. आधी टाइल्स आणि नळ ठरवून मग उरलेल्या जागेत खुर्ची कोंबली, तर महागातलं महाग बाथरूमही वापरता येत नाही.

अण्णांच्या बाबतीत हेच घडलं. गवंड्यानं आत शिरताना उजव्या हाताच्या भिंतीला स्टीलचा उत्तम दांडा बसवला. समोरच्या भिंतीवर शॉवर होता, म्हणून स्टूल त्या भिंतीकडे तोंड करून ठेवलं. अण्णा बसले आणि दांडा आला त्यांच्या उजव्या हाताला, जो हात उचलतच नव्हता. डावा हात मोकळा, पण धरायला काही नाही. दोन दिवस त्यांना उठवताना माझ्या आणि आईच्या कमरेचा कस निघाला. तिसऱ्या दिवशी स्टूल फिरवून दाराकडे तोंड केलं. तोच दांडा आता डाव्या हाताला आला. अण्णांनी तो धरला, पुढे झुकले आणि बऱ्यापैकी स्वतःच्या बळावर उठले. एकही टाइल फोडावी लागली नाही. नंतर फक्त नळ त्याच दांड्याच्या भिंतीवर घेतला आणि लांब नळीचा हँड शॉवर लावला, म्हणजे पाणी पाठीमागून नको.

पक्षाघात झालेला माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतो तेव्हा चांगली बाजू पुढे ठेवायची असते. त्या बाजूचा पाय भार घेतो, हात आधार शोधतो. यातली मेख अशी की व्हीलचेअरवरून आंघोळीच्या खुर्चीवर जाताना जी बाजू पुढे असते, परत येताना तीच मागे पडते. मोठ्या जागेत व्हीलचेअर दुसऱ्या बाजूला आणून ठेवता येते. आपल्या चार बाय सातच्या बाथरूममध्ये ते जमत नाही.

व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला सुमारे पाच फूट व्यासाचं वर्तुळ लागतं. आपल्या केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही १५०० मिलिमीटरचं वर्तुळ आणि ९०० मिलिमीटर मोकळं दार धरलेलं आहे. नवं घर बांधत असाल तर यात तडजोड करू नका, न्हाणीघरासाठी बेडरूममधली फूटभर जागा गेली तरी चालेल. पण बहुतेकांचं घर बांधून झालेलं असतं आणि भिंतींच्या पलीकडे जिना नाहीतर शेजाऱ्याचं स्वयंपाकघर असतं. अशा घरात मी चाकांची शॉवर-कमोड खुर्ची सुचवतो. बैठकीला मध्ये भोक असलेली, चारही चाकांना ब्रेक असलेली ही खुर्ची नेहमीच्या व्हीलचेअरपेक्षा अरुंद असते. माणूस पलंगावरून एकदाच हिच्यावर बसतो, ढकलत कमोडवर नेता येतो, तिथून शॉवरखाली आणि मग परत पलंगापाशी. ओल्या जागेत उठबस करावीच लागत नाही. मात्र घ्यायच्या आधी दोन मापं घ्या: दाराची मोकळी रुंदी आणि कमोडची उंची. खुर्चीची चौकट कमोडच्या वरून गेली पाहिजे.

बैठकीच्या उंचीबद्दल एक सांगतो. अमेरिकेच्या अपंगांसाठीच्या कायद्याखालच्या २०१० च्या मानकांत (त्यांना एडीए मानकं म्हणतात) शॉवरच्या बैठकीची उंची १७ ते १९ इंच दिली आहे आणि इंटरनेटवर सगळीकडे तोच आकडा फिरतो. तो त्यांच्या व्हीलचेअरच्या उंचीशी जुळवलेला आहे. पावणेपाच फुटांच्या आजी १९ इंचांवर बसल्या तर पाय लोंबकळतात, आणि पाय टेकत नसतील तर साबण लावायला वाकताना तोल जातो. म्हणून चप्पल काढून, गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. चालता येणाऱ्या माणसासाठी तीच उंची, फार तर इंचभर जास्त, कारण थोड्या उंच बैठकीवरून उठणं सोपं जातं. व्हीलचेअरवरून सरकून बसणाऱ्यासाठी व्हीलचेअरच्या गादीएवढी. ज्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आहे त्यांना गादीची बैठक हवी. त्यांना बोचलेलं कळत नाही, कडक फळीवर अर्धा तास बसून कातडी दुखावते आणि पुढे जखम चिघळते.

घरातली प्लॅस्टिकची हातांची खुर्ची आंघोळीला वापरणं थांबवा. तिचे पाय गुळगुळीत असतात, एका हातावर भार देऊन उठायला गेलं की ओल्या फरशीवर ती बाजूला फाकते. पाटाचंही तसंच. पाटावर बसून आंघोळ ही आपली जुनी सवय, पण जमिनीलगत बसलेल्या माणसाला उठवणं हे सगळ्यात अवघड काम. धड माणसाचेही गुडघे तिथे कुरकुरतात.

आता उंबरा. आपल्याकडे बाथरूमच्या दारात कडप्प्याची किंवा ग्रॅनाइटची पट्टी असते, दोन-तीन इंच उंच. पाणी बाहेर येऊ नये एवढंच तिचं काम. चाकांच्या खुर्चीला ती भिंत आणि पाय घासत चालणाऱ्याला अडखळायची हमखास जागा. एडीए मानकं चाकं सरळ आत जातात अशा शॉवरसाठी फार तर अर्धा इंच, म्हणजे गवंड्याच्या भाषेत चार सूत, चालवून घेतात, तेही कड उतरती केली तर. पण उंबरा काढला की घरातले सगळे एकच विचारतात: पाणी हॉलमध्ये येईल त्याचं काय?

पाणी अडवायचं काम उंबऱ्याकडून काढून उताराकडे द्यायचं. नेहमीच्या बाथरूममध्ये न्हाणी ट्रॅप कोपऱ्यात नाहीतर मधोमध असतो आणि चारी बाजूंनी फरशी तिकडे उतरते. (प्लंबिंगच्या इंग्रजी पुस्तकांतसुद्धा त्याला ‘नहाणी ट्रॅप’च म्हणतात. आपलं न्हाणीघर तिथवर पोचलं आहे.) अशा चौफेर उतारावर चार पायांची खुर्ची ठेवली की एक पाय अधांतरी राहतो आणि ती डुगडुगते. अधू माणसाला त्या डुगडुगण्याची जी भीती बसते ती मग जात नाही. म्हणून उतार एकाच दिशेला ठेवायचा, दारापासून लांबच्या भिंतीकडे, आणि त्या भिंतीच्या पायाशी भिंतभर लांबीची जाळीची पन्हळ बसवायची. तिला लिनिअर ड्रेन म्हणतात, आता तालुक्याच्या दुकानातही मिळते. उतार साठात एक ठेवा. पाच फुटांत इंचभर. याहून फार जास्त दिला तर ब्रेक नसलेली खुर्ची हळूहळू पन्हळीकडे चालू लागते, फार कमी दिला तर पाणी साचतं आणि शेवाळ धरतं. गवंडी म्हणेल “साहेब, डोळ्यानं करतो,” तर नको म्हणा. लेव्हल ट्यूबनं पाणसळ धरून घ्या आणि टाइल चिकटवण्याआधी बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते स्वतः उभं राहून बघा.

नव्या बांधकामात बाथरूमची स्लॅब खाली बसवलेली असते, त्यामुळे हे सगळं सोपं जातं. जुन्या घरात फरशी उकरायची म्हणजे खालच्या मजल्यावर गळतीची भीती. फरशी उकरलीच तर वॉटरप्रूफिंग नव्यानं करणं आलं, आणि ते झाल्यावर ट्रॅपचं तोंड बोळा घालून बंद करून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवायचं आणि खालच्यांच्या घरी जाऊन छत बघायचं. शेजाऱ्यांना हे आधीच सांगितलं तर पुढची भांडणं टळतात. उकरणं शक्यच नसेल तर उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी उतरती पट्टी करा. नियम बारात एक: इंचभर चढायला बारा इंच लांबी. तीन इंचांच्या उंबऱ्याला तीन फूट लागतात, त्यामुळे आधी उंबरा घासून कमी करावाच लागतो.

फरशीबद्दल थोडक्यात. दुकानदार ‘अँटिस्किड, आर टेन’ असं सांगतात. ते आर आकडे तेल सांडलेल्या उतारावर बूट घालून चालवून ठरवलेले असतात, कारखान्यासाठी. अनवाणी आणि साबणाच्या पाण्यासाठी वेगळी प्रतवारी आहे, ए, बी, सी अशी. शॉवरखाली किमान बी मागा. दुकानदाराला माहीत नसेल तर नमुन्याची टाइल घरी आणा, साबणाचं पाणी टाका आणि त्यावर अनवाणी पाय घासून बघा. आपली खडबडीत शहाबादी अजूनही चांगली, फक्त आठवड्याला घासून शेवाळ काढलं पाहिजे.

दांड्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण दांडा सुटला तर माणूस नुसता पडत नाही, ज्यावर विश्वास टाकला त्याच्यासकट पडतो. एडीए मानकांत दांड्यानं २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलो, भार सोसला पाहिजे असं आहे. टॉवेल रॉड एवढा भार सोसत नाही. हँड शॉवर वर-खाली सरकवायची दांडीही नाही. रबरी वाट्यांनी चिकटणारे दांडे तर घरात आणूच नयेत. सकाळी घट्ट बसलेली वाटी संध्याकाळी कधी सुटते ते कळत नाही.

दांडा टाइलला धरून राहत नाही, टाइलच्या मागे काय आहे त्याला धरून राहतो. जुन्या घरात विटांची नऊ इंची भिंत असेल तर लांब अँकर बोल्ट पुरतात. नव्या इमारतींत बाथरूमच्या भिंती बहुधा चार इंची एएसी ब्लॉकच्या असतात, हलक्या आणि सच्छिद्र. त्यात साधा प्लॅस्टिकचा गट्टू आणि स्क्रू मारला तर दोन महिन्यांत तो हातात येतो. तिथे रासायनिक अँकर (बोल्ट भोकात चिकटवून धरणारा मसाला) भरावा किंवा बोल्ट भिंतीच्या आरपार काढून पलीकडे पोलादी पट्टी द्यावी. काम नव्यानं होत असेल तर आणखी सोपं: टाइल लावण्याआधी जिथे जिथे दांडा येऊ शकतो तिथे काँक्रीटचा फूटभर रुंद पट्टा भरून घ्या. आज घरात कुणी अपंग नसलं तरी घ्या, खर्च नगण्य असतो. आणि त्या पट्ट्यांचा मापासह फोटो काढून ठेवा.

दांड्याची जाडी सव्वा ते दीड इंच, म्हणजे मुठीत पूर्ण मावेल अशी. भिंत आणि दांड्यात दीडच इंच फट. जास्त ठेवली तर तोल जाताना हात कोपरापर्यंत आत जातो आणि तिथेच अडकून मोडतो. आत शिरताना धरायचा दांडा उभा, बैठकीवरून रेटा देऊन उठायचा आडवा. तिरका दांडा दिसायला छान, पण साबणाचा हात त्यावरून घसरत खाली येतो, म्हणून मी तो टाळतो. बसवून झाला की त्या दिवशी स्वतः त्याला लोंबकळून बघा. माझ्या प्रत्येक कामात मी हे मालकांच्या डोळ्यांदेखत करतो.

आता पाणी. ६० अंशांच्या पाण्यानं पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं, ४९ अंशांना तेवढं भाजायला काही मिनिटं लागतात. म्हणूनच एडीए मानकांत शॉवरच्या पाण्याची मर्यादा ४९ अंश आहे. ज्याला चटका बसतो तो झटकन सरकतो. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला चटका कळतच नाही, आणि खुर्चीतून झटकन सरकता कुणालाच येत नाही. आपले बरेच गीझर साठच्या वर जातात. तापमान ठरवून देणारी मिश्रणाची तोटी बसवता आली तर उत्तम, नाहीतर गीझरचा खटका पन्नासच्या आसपास आणा. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हा क्रम घरातल्या सगळ्यांनी पाळायचा. पाणी तपासायचं ते संवेदना असलेल्या हातानं. आणि तोटी अशा जागी हवी की बसल्या जागी हात पोचेल, पण पहिलं पाणी अंगावर न पडता सोडता येईल. एकच लांब दांडी वर-खाली करायची, मुठीनं नाहीतर कोपरानं चालेल अशी तोटी घ्या. गोल फिरवायच्या नळांना संधिवाताची बोटं हार मानतात.

गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर पुढचं वाचायच्या आधी तो बाहेर काढायचं ठरवा. कोंदट जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि दरवर्षी थंडीत आपल्याकडे अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. धडधाकट माणूस दहा मिनिटांत बाहेर येतो. अपंग माणसाला पाऊण तास लागतो आणि गरगरायला लागलं तरी उठून दार उघडता येत नाही. गीझर मोकळ्या हवेत बाहेर, आत फक्त नळ. विजेचा गीझर असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका) बसवलेला आहे का ते वायरमनकडून बघून घ्या.

शॉवरशिवायही हे सगळं जमतं. गावाकडे एका घरी आम्ही मोरीतच विटांचा कट्टा बांधला, गुडघ्याएवढा उंच, दीड फूट खोल, कडा गोल केलेल्या, वरून हलका उतार. शेजारी त्याच उंचीचा छोटा ओटा, त्यावर बादली. वाकून जमिनीवरच्या बादलीत हात घालावा लागत नाही, हे सगळ्यात मोठं काम. वीस लिटरची भरलेली बादली म्हणजे वीस किलो, म्हणून नळ थेट त्या ओट्यावर काढला. तांब्याऐवजी लांब दांड्याचा हलका मग. त्या घरातल्या काकू पोलिओमुळे लहानपणापासून रांगत मोरीत जायच्या. कट्टा झाल्यावर पहिल्यांदा बसून न्हाल्या तेव्हा म्हणाल्या, “आता केसांना शिकेकाई दोन्ही हातांनी लावता येते.” इतकी वर्षं एक हात जमिनीवर टेकवून ठेवावा लागायचा, हे मला तोवर सुचलंही नव्हतं.

कमी दिसणाऱ्यांसाठी पांढऱ्या टाइल्स, पांढरा कमोड, पांढरी खुर्ची हा मेळ वाईट. बैठक आणि दांडा गडद रंगाचे घ्या, भिंत फिकी ठेवा. अंध माणसाच्या बाथरूममध्ये साबण, तेल, टॉवेल यांच्या जागा घरातल्या कुणीही हलवायच्या नाहीत. ऐकू न येणाऱ्यांसाठी दाराबाहेरच्या बटणावर आत लुकलुकणारा दिवा लावता येतो.

दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर त्याच्या अंगानंच दार अडतं आणि मदतीला आलेला बाहेर उभा राहतो. आतली कडी काढा, बाहेरूनही नाण्यानं फिरवून उघडता येईल असं कुलूप लावा. हाक मारायच्या बेलचं बटण भिंतीवर उंच नको. ब्रिटनमध्ये अशा ठिकाणी छतापासून लाल दोरी सोडतात आणि तिला दोन कड्या असतात, एक बसलेल्या माणसाच्या हाताशी आणि एक जमिनीपासून चार इंचांवर, पडलेल्या माणसासाठी. ही दोरी फार स्वस्तात करता येते. फक्त मोलकरणीला किंवा मुलांना ती गुंडाळून वर खोचू देऊ नका.

कायद्याचं एवढंच सांगतो की दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, किमान मानकं सक्तीची करा, असं केंद्राला सांगितलं. हे सार्वजनिक जागांबद्दल आहे. लॉज, धर्मशाळा, दवाखान्याची खोली घेताना न्हाणीघराच्या दाराची मोकळी रुंदी आणि उंबऱ्याची उंची फोनवर विचारत चला. घरासाठी मात्र आपल्यालाच बघायचं आहे, आणि त्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ, मोलाची मदत करतात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची, १९५५ मध्ये सुरू झालेली भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. मोठ्या रुग्णालयांच्या पुनर्वसन विभागातही ते भेटतात. माणूस कसा उठतो, कसा वळतो हे त्यांना दहा मिनिटांत दिसतं. काम काढण्याआधी एकदा त्यांना दाखवा, कारण गवंडी आणि मी दोघं मिळून जे चुकतो ते बहुधा याच बाबतीत.

फरशी बसवण्याआधी मी एक कोरडी आंघोळ करायला लावतो. जमिनीवर खडूनं भिंती, पन्हळ, खुर्ची आखायची. ज्याच्यासाठी हे चाललं आहे त्याला कपड्यांसकट आणून बसवायचं आणि सगळं करून दाखवायला सांगायचं: नळ सोड, साबण घे, पाठ चोळ, उठ. मदत करणाऱ्यालाही सोबत उभं करायचं, कारण त्याच्या पाठीला वाकायला जागा लागते. कुठे हात पोचत नाही, कुठे डोकं नळाला लागतं हे तिथेच कळतं आणि खडू पुसून नवी रेघ मारायला पैसे लागत नाहीत.

अण्णांच्या बाथरूमचं दुसऱ्यांदा काम काढलं तेव्हा तेही असेच बनियन-पायजम्यात त्या खडूच्या चौकोनात बसले होते. साबणाचा कोनाडा मी त्यांच्या खांद्याच्या उंचीवर आखला होता. त्यांनी डावा हात उचलला, तिथवर नेला, मान हलवली आणि हात खाली आणून मांडीच्या वर, भिंतीला लावून धरला. मी त्यांच्या बोटापाशी खडूची फुली मारली.